प्रशिक्षण पॅकेज चांगलं, वेळापत्रक मात्र भरती-ओहोटीला विचारून करा

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात फिरणारं एक पॅकेज तपासलं. हॉटेल कर्मचारी, रिक्षावाले, बोटवाले आणि कोळीवाड्यातले बचत गट यांना तीन दिवसांचं पर्यटन प्रशिक्षण, आणि त्याआधी वरिष्ठांची मंजुरी मिळवायला लागणाऱ्या कागदांचा संच, असं त्याचं स्वरूप. संस्थेचं नाव देत नाही. पाचपैकी साडेतीन तारे.

प्रशिक्षण ठीकठाक आहे. पैसे वसूल होतात ते मंजुरीच्या संचात, त्यातही एकपानी टिपणीत. तिच्यात चारच चौकटी आहेत: अडचण काय, खर्च किती, जबाबदार कोण आणि काम जमलं नाही तर बंद कधी करायचं. चौथी चौकट लिहिणारा माणूस हुशार आहे. कायमचा खर्च गळ्यात पडेल या भीतीने साहेब फाईल बाजूला ठेवतात. ‘सहा आठवडे, एकच विभाग, मग निर्णय’ असं लिहिलं की सही करायला हात लवकर उचलतो.

नमुन्याच्या टिपणीची सुरुवात मात्र बदलून टाका. ती सुरू होते विमानतळापासून. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली, हे वाशीतल्या हॉटेलच्या जनरल मॅनेजरला कोणी कागदावर लिहून सांगायची गरज नाही. त्याला त्याच्या टेबलावरचा आकडा दाखवा: गेल्या तीन महिन्यांतले ऑनलाइन रिव्ह्यू काढा, कर्मचाऱ्यांच्या वागण्याबद्दलच्या तक्रारी वेगळ्या करा, काम सोडून गेलेल्यांच्या जागी नवी भरती करायला किती खर्च आला ते शेजारी लिहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. वेळही नेमकी मागा. दुपारी अडीच ते चार, म्हणजे लंच आवरल्यावर आणि डिनरची तयारी सुरू व्हायच्या आत. सकाळची वेळ मागितलीत तर हाउसकीपिंगचा प्रमुख पहिल्याच बैठकीत आडवा येतो, आणि त्याचं बरोबर असतं.

संचातली सगळ्यात मोठी उणीव म्हणजे ‘आधीची’ मोजणी नाही. प्रशिक्षणाच्या आधी एक आठवडा तक्रारी, चेक-इनला लागणारी मिनिटं, बोटीवर लाईफ जॅकेट न घातलेले प्रवासी, यातलं जे तुमचं असेल ते मोजून ठेवा. नाहीतर दोन महिन्यांनी ‘फरक काय पडला?’ या प्रश्नावर फक्त फोटो दाखवावे लागतात. पहिली सही ओळखीवर मिळून जाते, दुसरीला आकडाच लागतो.

महापालिकेसाठीचा नमुना भाषेला छान, पण त्यात लेखाशीर्षाचा, म्हणजे खर्च अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून होणार त्याचा, रकानाच नाही. लेखा विभाग पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि उत्तर नसलं की फाईल शेरा मारून परत. आयुक्त अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडतात, म्हणून विभागाची मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जायला हवी. मार्चएंडला उरलेल्या पैशांतून प्रशिक्षण उरकायचं ठरवलंत तर हॉल मिळतो, माणसं मिळत नाहीत.

टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, मागायचा असेल तर संचातलं पत्र जपून वापरा. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 लागू असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात आणि कौशल्य प्रशिक्षण त्यात बसतं. पण कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना शिकवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. पत्रात हे दोन्ही एकाच वाक्यात कालवलंय. कंपनीचा वकील तिथेच थांबेल.

खरी गडबड कोळीवाड्यात आहे. पॅकेजमध्ये ‘समुदाय नेते’ अशा मायन्याचं एकच छापील पत्र आहे. दिवाळे असो की चेंदणी, तिथे मच्छीमार सोसायटीचे चेअरमन वेगळे, गावकी वेगळी, बचत गटाच्या अध्यक्षा वेगळ्या. तिघांकडे वेगवेगळं जावं लागतं, आणि चेअरमनच्या आधी अध्यक्षाताईंकडे गेलात तर काम हमखास हलतं, कारण खाण्याच्या स्टॉलची कमाई त्यांच्या हातात येणार असते. (खाण्याचं प्रशिक्षण देताना फोस्टॅक, म्हणजे एफएसएसएआयचं अन्नसुरक्षेचं प्रशिक्षणही जोडून घ्या, पॅकेजमध्ये ते नाही.)

वेळापत्रक दहा ते पाच, कुठलेही तीन दिवस. हे ऑफिसात बसून ठरवलेलं दिसतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला सुकती, म्हणजे ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर धरा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याला ओढ असते, डोल जाळं लावणाऱ्यांचं काम तेव्हाच. भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, हात मोकळे असतात. वर्ग तेव्हा ठेवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदीत मोठा भाग उरकता येतो, पण फ्लेमिंगोंचा हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो, म्हणून ऑक्टोबरात एक दिवस उजळणी हवीच.

बुडालेल्या रोजाचा रकानाही नाही. दिवसाला 800 रुपये धरले तर 20 जणांचे तीन दिवस म्हणजे 48,000. हा आकडा वरच्यांना आधीच सांगा. तो लपवला की दुसऱ्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

बोटीवरचा पाठ मात्र मनापासून आवडला. फ्लेमिंगोंचा थवा चरायचा थांबला, माना वर झाल्या आणि सगळे एका दिशेने चालू लागले की इंजिन बंद, पुढे जायचं नाही. एवढं तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, डोक्यात पक्कं बसवतात. लाईफ जॅकेट हॉलमध्ये घालून दाखवतात ते चुकतं. खालचा पट्टा मांड्यांमधून घेतला नाही तर पाण्यात जॅकेट कानापर्यंत वर सरकतं, आणि हे फरशीवर कुणालाच कळत नाही. धक्क्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात करून घ्या.

परवानग्यांच्या यादीत वनविभाग राहून गेलाय. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे बोटीवर सराव घ्यायचा तर ती परवानगी आधी लागते. मिळायला वेळ जातो, म्हणून टिपणीच्या दिवशीच अर्ज टाका.

पैसे देताना निम्मे आधी आणि निम्मे साठ दिवसांनंतरच्या मोजणीनंतर, असं करारात लिहून घ्या. विक्रेते कुरकुरतात, पण मानतात.