ऑनलाइन स्पीच थेरपीसाठी फोन, टॅबलेट की लॅपटॉप?

ऑनलाइन सेशन ठरलं की घरात पहिला विचार होतो तो आपल्याला समोरचं नीट दिसेल ना याचा. माझ्या मते निवड दुसऱ्या टोकाकडून करावी. तुमचे ओठ, जीभ आणि आवाज थेरपिस्टपर्यंत कसे पोचतात, हे आधी बघावं.

कॅमेऱ्याच्या बाबतीत फोन बहुधा लॅपटॉपवर मात करतो. मूल ‘काकी’ला ‘ताती’ म्हणत असेल, तर जिभेचं टोक कुठे जातंय हे थेरपिस्टला दिसायलाच हवं. तिथे स्टँडवर उभा केलेला फोन चांगलं काम देतो (हातात धरलेला नाही, पाच मिनिटांत छतच दिसू लागतं). पण थेरपिस्टने चित्रं शेअर केली की फोनवर ती इवलीशी होतात आणि तिचा चेहरा कोपऱ्यात जातो. जिच्या ओठांकडे बघून नक्कल करायची, तीच दिसेनाशी होते.

लहान मुलांसाठी टॅबलेट सोयीचा. बोट लावलं की चित्र हलतं, त्यामुळे मूल रमतं. त्रासही त्याच बोटांचा: कॉल कट होतो, भलतंच ॲप उघडतं. आयपॅडवर ‘गाइडेड ॲक्सेस’ आणि अँड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’ चालू केलं की मूल त्या ॲपच्या बाहेर सहजी जात नाही.

पक्षाघातानंतर शब्द सापडत नाहीत अशा मोठ्या माणसासाठी मी लॅपटॉपच निवडेन. अक्षरं मोठी दिसतात, चेहरा आणि चित्र शेजारीशेजारी राहतात. मात्र भाषेचं केंद्र बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूला असल्याने अशा रुग्णांचा उजवा हात अनेकदा कमजोर असतो. डाव्या हाताने माउस चालवणं जड जात असेल तर टॅबलेट पुढे जातो. कोणतंही साधन घ्या, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि उजेड चेहऱ्यावर हवा. पाठीमागे खिडकी असली की तोंड काळंच दिसतं.

आता आवाज. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. ‘स’चा जोर बराचसा ४,००० हर्ट्झच्या (हे आवाजाचा उंच-खालचा सूर मोजायचं माप) वर असतो, आणि जुन्या टेलिफोन लाइनवरून साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जायचा, म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत व्हायची. अनेक ब्लूटूथ हेडसेट माइक चालू होताच कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाजाचा दर्जा उतरतो. उच्चारांवर काम असेल तर साधा वायरचा इअरफोन बरा, फक्त त्याचा माइक शर्टाला घासू देऊ नका. अगदी लहान मुलाला मात्र इअरफोन नको. शेजारी बसलेल्या पालकालाही सूचना ऐकू यायला हव्यात.

कॉलच्या ॲपमधली गोंगाट कमी करणारी सोय सगळ्यांनाच फायद्याची वाटते. पण एकसारखा लांबवलेला ‘आऽऽ’ किंवा ‘सऽऽ’ तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटू शकतो आणि ती तो दाबून टाकते. पार्किन्सन्स या आजारात आवाज बारीक होतो, म्हणून तो मोठा करण्याचाच सराव असतो, आणि ॲप हळू-मोठा आवाज आपणहून सारखा करत असेल तर थेरपिस्ट पारखणार काय? झूममध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ आहे. तो लावायचा तर खोलीतला पंखा बंद ठेवावा लागतो, कारण मग तोही जसाच्या तसा पलीकडे पोचतो.

इंटरनेटचं थोडक्यात: शक्य असेल तिथे वायफायपेक्षा केबल, आणि घरातले इतर व्हिडिओ तेवढा वेळ बंद.

पालकांनी शेजारी बसावं की बाहेर जावं? सहा वर्षांखालच्या मुलांच्या अडखळण्यासाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या लिडकोम पद्धतीत रोजचे उपचार पालकच करतात, तेव्हा तिथे बाहेर जाण्याचा प्रश्नच नाही. किशोरवयीन मुलगा आईसमोर अवघडत असेल तर दार लोटून घ्यावं. गिळण्याच्या त्रासासाठी सेशन असेल तर रुग्णाजवळ एक जाणतं माणूस हवंच.

नवीन साधन घेण्याआधी एखाद्या नातेवाइकाला त्याच ॲपवरून कॉल लावा आणि ‘सशाने शेंग सोलली’ म्हणा. पलीकडे ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू आले नाहीत, तर आधी माइक बदलून बघा.