टीसी काढून वाट बघायची की इथली सीट धरून?

एफवायचा, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचा, निकाल लागला की आमच्या जळगावात दरवर्षी दोन-चार पोरं अशी निघतातच ज्यांना एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, पुण्याला नाहीतर नाशिकला जायचं असतं, आणि अर्ज टाकल्यापासून उत्तर येईपर्यंत त्यांचं जेवणाखाण्यात लक्ष नसतं. सध्या माझ्या मावसभावाचं तेच चालूय. दर अर्ध्या तासाला मेल बघतो, मग स्पॅम बघतो, मग नेट बंद-चालू करून परत मेल बघतो. आजी ओट्यावरून विचारते, "काय व्हयनं रे भाऊ, उनं का पत्तर?" तिला वाटतं पोस्टमन यायचाय.

त्याचा प्रश्न असा, की तिकडून हो यायच्या आधीच टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढून मोकळं व्हायचं, की इथे एसवायची फी भरून सीट धरायची आणि मग वाट बघायची? मी दोन्ही जवळून बघितलंय, कारण मी आणि माझा रूम पार्टनर, दोघांनी एकाच दिवशी पुण्याच्या एकाच कॉलेजला अर्ज टाकला होता, महाराष्ट्र एक्सप्रेसने जाऊन, जनरल डब्यात. त्याने परत आल्या आल्या टीसी काढली. मी काढली नाही, पण ह्यात माझी हुशारी काही नव्हती भो, वडील म्हणाले आधी हातातलं सोडू नको, एवढंच.

आता उत्तराला एवढा वेळ का लागतो ते आधी समजून घ्या, म्हणजे अर्धी धडधड कमी होईल. एसवायला नवीन सीटा येत नाहीत. मंजूर जागा तेवढ्याच, त्यातून तिथलं कुणी नापास झालं, कुणी सोडून गेलं तर जागा रिकामी होते, आणि ती किती हे त्यांच्या स्वतःच्या पोरांचे निकाल लागून, एटीकेटीवाले (काही विषय राहूनही पुढच्या वर्षात गेलेले) बसवून, त्यांचे प्रवेश झाल्याशिवाय त्यांनाच कळत नाही. म्हणजे तुमचा अर्ज कुणी दाबून ठेवलाय असं नसतं, बहुतेक वेळा तो मोजणीची वाट बघत पडलेला असतो. त्यामुळे रोज फोन करून काही हलत नाही. आठवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणाची वेळ टाळून, अर्जाचा नंबर हातात घेऊन फोन करा, बास.

तर टीसी काढलेल्याचं काय होतं? फायदा एकच, तिकडून बोलावलं की कागद हातात, त्याच दिवशी प्रवेश. आणि मनाला वाटतं की आपण निघालो आता. पण हा फायदा वाटतो तेवढा मोठा नाही, कारण बरीच कॉलेजं आधी प्रोव्हिजनल प्रवेश देतात आणि टीसी, मायग्रेशन (विद्यापीठ बदलायचा दाखला) आणायला मुदत देतात. तोटा मात्र भारी. पार्टनरला ऑगस्टच्या शेवटी कळलं की त्याच्या विषयात जागाच नाही. इकडे टीसी निघालेली, म्हणजे कॉलेजच्या लेखी तो विद्यार्थीच नाही. परत घ्यायला नवीन अर्ज, प्राचार्यांची सही, लेट फी, तोपर्यंत दोन महिन्यांची हजेरी गेलेली आणि 75 टक्क्यांचा हिशोब मांडत तो वर्षभर प्रॅक्टिकलला पळत होता. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा फॉर्म पण अडकला, कारण तो फॉर्म कॉलेजच्या लॉगिनमधूनच पुढे सरकतो आणि त्याचं तेव्हा कॉलेजच नव्हतं. घरी सांगायला पण त्याला आठ दिवस लागले.

इथली सीट धरून वाट बघणाऱ्याला काय जाचतं तर फी. दोनदा भरायची वेळ येते की काय ही भीती, आणि शेतकरी घरात जुलै-ऑगस्टला पैसा कुठे असतो, सगळा कपाशीच्या खता-फवारणीत गेलेला असतो. पण यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) फी परताव्याचा नियम आहे तो फार कमी लोक वाचतात. 2018 च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फक्त प्रोसेसिंगचे काही कापून, त्यानंतर 90, 80, 50 टक्के अशी उतरत जाते आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की शून्य. 2024-25 ला तर यूजीसीने 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त 1000 रुपये कापून, असं सांगितलं होतं. त्यात मायग्रेशनमुळे सोडणारे पण धरलेत. तुमच्या वर्षाची तारीख काढून प्रिंट जवळ ठेवा, खिडकीवर कामी येते. आणि मूळ कागदपत्रं कॉलेजला स्वतःकडे अडकवून ठेवता येत नाहीत हे पण त्याच नियमात आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे, सीट धरा. टीसीचा अर्ज लिहून ठेवा, लायब्ररीचं, लॅबचं नो ड्यूज करून ठेवा, पण तिकडून लेखी हो आल्याशिवाय खिडकीवर देऊ नका. फोनवर "या, होऊन जाईल" म्हणाले ते लेखी नसतं. आणि पुण्यात रूमचं, मेसचं डिपॉझिट आधीच भरून बसू नका, ते परत मागायला गेलं की मालक ओळखत पण नाही.

अजून एक फरक आहे, तो पोरं अर्ज टाकताना बघतच नाहीत. आपलं जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 ला पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, त्यात जळगाव, धुळे, नंदुरबार येतात. म्हणजे चाळीसगावचा पोरगा पार नंदुरबारला गेला तरी विद्यापीठ तेच, एनओसी आणि टीसीवर काम होतं, पण तोच पोरगा तासा-दीड तासावरच्या मालेगावला गेला तर ते पुणे विद्यापीठात, मग मायग्रेशन, पात्रता, विषयांची समकक्षता, सगळं आलं. त्यात 2024 पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न, मेजर-मायनर-ओपन इलेक्टिव्ह. एबीसी आयडीत (क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात) क्रेडिट जमा आहेत म्हणून निवांत राहू नका. क्रेडिट दिसतात, पण तुमचा मायनर तिकडच्या कॉलेजात शिकवतच नसतील तर काय? दोन्हीकडचा एफवायचा सिलॅबस शेजारी-शेजारी ठेवून विषय जुळवून बघा, अर्जासोबतच जोडा, ह्याने माझं काम लवकर झालं असं मला अजून वाटतं.

जायचं कारण फक्त घर जवळ पाहिजे किंवा इथलं हॉस्टेल जमत नाही एवढंच असेल तर विद्यापीठातल्या विद्यापीठात बदल करा, वाट पण कमी बघावी लागते. बाहेर जायचं तर एखाद्या विषयासाठी, एखाद्या डिपार्टमेंटसाठी जा. "पुणे ते पुणे" हे कारण मी पण दिलं होतं म्हणा.

मावसभावाने शेवटी इथली फी भरली. सकाळी प्रॅक्टिकलला जातो, दुपारी मेल बघतो. परवा कानबाईला, आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, सगळं भावकीचं घर भरलेलं, रोट वाढलेले, आणि मोबाइल वाजला तसा हा पानावरून उठला. रिचार्ज संपत आल्याचा मेसेज होता. आजीने परत विचारलं, उनं का? "नही उनं वं माय," म्हणाला आणि येऊन खीर वाढायला सांगितली.