कॅरिबियन क्रूझ : पूर्वेची की पश्चिमेची?

मुलगा न्यू जर्सीला, मुलगी ह्यूस्टनला अशी घरं सोलापुरात आता पुष्कळ आहेत. आई-वडील तिकडे राहायला जातात, पहिल्या वेळी नायगारा होतो, दुसऱ्या वेळी ऑर्लँडो, आणि मग क्रूझचा विषय निघतो. मला फोन येतात ते बहुधा या टप्प्यावर, आणि प्रश्न ठरलेला असतो : जहाज कोणतं घेऊ? माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. आधी मार्ग ठरवा. आइकॉन ऑफ द सीज हे २०२४ साली आलेलं जहाज ३६५ मीटर लांबीचं आहे आणि त्याचे फोटो बघून कुणीही हरखून जाईल. पण साठीच्या पुढच्या, शाकाहारी, रात्री दहाला झोपणाऱ्या माणसाला कोणत्याही मोठ्या जहाजावर करण्यासारखं भरपूर मिळतं. सुट्टी चांगली गेली की नाही, हे जास्त करून जहाज कुठे लागलं आणि तुम्ही त्यावरून कसे उतरलात यावर ठरतं. आम्ही कॅरिबियन समुद्राच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दोन्ही बाजू केल्या आहेत, कधी दोघंच आणि कधी आईला बरोबर घेऊन.

पश्चिमेचा मार्ग म्हणजे साधारणपणे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका, बेलीझ, रोआतान, कोस्टा माया यांतली तीन-चार बंदरं. बघण्यासारखं इथे जास्त आहे, हे मी आधीच मान्य करतो. कोझुमेलचं पाणी इतकं नितळ असतं की पोहता न येणाऱ्यालाही काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतं. माया संस्कृतीचे अवशेष याच बाजूला आहेत. तुलुमला जायचं तर कोझुमेलहून आधी फेरीने मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर आणि पुढे बसने जावं लागतं, त्यात पूर्ण दिवस जातो आणि माणूस दमतो. कोझुमेल बेटावरच सॅन हर्वासिओ नावाचं छोटं स्थळ आहे, आमच्यासारख्यांना ते पुरतं. मुलं टेक्सासमध्ये असतील तर पश्चिमेचा आणखी एक मोठा फायदा आहे. गॅल्व्हेस्टनहून निघणारी जहाजं बहुतेक याच बाजूला जातात, त्यामुळे ह्यूस्टनहून गाडीने बंदरावर पोहोचता येतं आणि विमानाचा खर्च वाचतो.

पूर्वेला सॅन हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टेन, पोर्टो प्लाटा, आणि जाता-येता बहामातलं नासाउ किंवा कंपनीचं खासगी बेट. अवशेषांच्या बाबतीत ही बाजू उणी पडते. पण सॅन हुआनचा एल मोरो किल्ला बघितला आणि आम्ही दोघं बराच वेळ तटावरून हललो नाही. १५३९ मध्ये त्याचं काम सुरू झालं, समुद्रावर तोंड करून उभी अशी थरावर थर तटबंदी आहे. भुईकोट आणि नळदुर्ग बघत मोठ्या झालेल्या माणसाला त्या बुरुजांपुढे परकं वाटत नाही. जहाज जुन्या शहराच्या पायथ्याशी लागतं, किल्ला चालत गाठता येतो, आणि चढ नको असेल तर टॅक्सी आहेच. सेंट मार्टेनचं बेट १६४८ पासून फ्रेंच आणि डच यांच्यात वाटलेलं आहे, तरी मधल्या सीमेवर कुणी अडवत नाही. सकाळी डच बाजू आणि दुपारी फ्रेंच बाजू सहज होते. सेंट थॉमसचा मेगन्स बे हा किनारा शांत आहे, वाळू मऊ आणि पाणी उथळ. आईने तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून घेतलं, आणि त्या सहलीतलं तिला सर्वांत जास्त तेच आवडलं.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला तिच्याबद्दल.

काही बंदरांना मोठ्या जहाजासाठी धक्काच नाही. ग्रँड केमनचं जॉर्ज टाउन हे त्यातलं प्रमुख, बेलीझ सिटी दुसरं. जहाज बाहेर समुद्रात थांबतं आणि प्रवाशांना टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. माहितीपत्रकात हे एका ओळीत उरकलेलं असतं. प्रत्यक्षात सकाळी थिएटरमध्ये जाऊन नंबरचं स्टिकर घ्यायचं आणि नंबर पुकारेपर्यंत बसायचं. कंपनीची टूर घेतलेले आणि महागड्या सुइटवाले आधी जातात. मग खालच्या मजल्यावरच्या दारापाशी रांग, आणि त्या दारातून हलत्या बोटीत पाऊल. कर्मचारी दोन्ही बाजूंनी दंड धरतात, फार जपून उतरवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण लाट आली की बोट वर-खाली होते, आणि गुडघ्यांचं दुखणं असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी भीती येते ती मी आईच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. बेलीझला तर जहाज उथळ पाण्यामुळे किनाऱ्यापासून कित्येक मैल लांब उभं राहतं, बोटीतच वीसेक मिनिटं जातात.

परतीचं आणखी अवघड. सगळ्यांना शेवटच्या तासाभरात परतायचं असतं, त्यामुळे केमनच्या धक्क्यावर दुपारच्या उन्हात रांग लागते. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहायची सवय असलेली आमची मंडळी, पण बारीत निदान पुढे विठ्ठल असतो. इथे पुढे दुसरी बोट. बंदरावर आठ तास मिळाले असं कागदावर दिसत असलं तरी आमच्या अंदाजाने त्यातले दोन-अडीच तास या ये-जा करण्यातच गेले.

त्यात एकदा बंदरच रद्द झालं. सकाळी कॅप्टनची घोषणा आली की लाटा मोठ्या आहेत, बोटी उतरवणं सुरक्षित नाही, आपण पुढे जात आहोत. निर्णय योग्यच होता. बंदराचे कर केबिनच्या खात्यावर परत जमा झाले, भाडं अर्थातच नाही. मुलांनी केमनच्या स्टिंगरे सिटीची (उथळ समुद्रात स्टिंगरे मासे जवळून बघायची जागा) सहल आग्रहाने ठरवून दिली होती, ती राहिलीच.

हे का घडतं ते समजून घेतलं तर निवड सोपी होते. जॉर्ज टाउन बेटाच्या पश्चिम बाजूला आहे. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतून थंड हवेची लाट खाली सरकली की वारा वायव्येचा होतो आणि ती बाजू उघडी पडते. जहाजं कधी दक्षिणेच्या स्पॉट्स लँडिंगला जाऊन प्रवासी उतरवतात, कधी तेही जमत नाही. धक्का बांधायचा विषय तिथे अनेक वर्षं चालू होता. एप्रिल २०२५ मध्ये त्यावर मतदान झालं आणि बहुसंख्य लोकांनी धक्का नको म्हणून सांगितलं. आपलं प्रवाळ आणि आपलं बेट जपायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, मला त्यांचं म्हणणं पटतं. फक्त आपण जाताना हे धरून जावं.

आणि सोलापूरकराला सोयीचा काळ नेमका हिवाळ्याचाच. संक्रांतीची गड्डा यात्रा सोडून आपण निघत नाही. ती झाल्यावर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीची सुरुवात हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो, कारण नाताळची गर्दी ओसरलेली असते आणि मार्चमधली कॉलेजच्या मुलांची सुट्टी अजून लांब असते. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. त्यात सप्टेंबर सर्वांत वाईट, भाडं कितीही उतरलेलं दिसलं तरी मी वयस्कर माणसांना तो सुचवणार नाही.

पूर्वेच्या बाजूने बोलताना तिथली अडचणही सांगितली पाहिजे. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात आणि जाताना जहाज त्यांच्या तोंडावर चालतं, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस डोलणं जास्त जाणवतं. ज्यांना घाटातल्या बसमध्ये मळमळतं त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी आणि गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवावी. त्यासाठी बाल्कनी सोडावी लागली तरी चालेल. समुद्रातले नुसते प्रवासाचे दिवसही इकडे कमी नसतात. आम्हाला ते दिवस आवडतात, नातवंडं मात्र कंटाळतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, कारण तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येता. आठवडाभर बेटांवर जाऊन आलं की अमेरिकेत राहायचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील, असं गृहीत धरू नका. आय-९४ म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, तिच्यावरची मुदतीची तारीख मुलांकडून तपासून घ्या. मार्गातल्या प्रत्येक देशासाठी भारतीय पासपोर्टला काय लागतं ते बुकिंगआधी कंपनीकडून लेखी मागवा. सॅन हुआन ही अमेरिकेचीच भूमी आहे, त्यामुळे परदेशी बेटानंतर ते बंदर आलं तर पासपोर्ट तपासणीसाठी वेळ धरावा. आणि आरोग्य विमा घेताना तो जहाजावर लागू आहे का, हे विचारून घ्या. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल मोठं होतं.

जेवणाची काळजी दोन्ही मार्गांवर सारखीच, म्हणजे फारशी नाही. पहिल्याच रात्री हेड वेटरला शाकाहारी भारतीय जेवण हवं असं सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून वेगळी भाजी, डाळ येऊ लागते. जहाजांवर गोव्याची, मुंबईची मुलं बरीच असतात आणि आपली भाषा ऐकली की आणखी आपुलकीने विचारपूस करतात. शेंगा चटणी न्यायची असेल तर सीलबंद पाकिटातली न्यावी, घरची डबी दारातच काढून ठेवायला सांगतात. बेटांवर उतरताना फळं किंवा उरलेलं अन्न पिशवीत घेऊ नका.

दक्षिणेचाही एक मार्ग आहे : अरुबा, कुरासाओ, बार्बाडोस, सेंट लुसिया. अरुबा आणि कुरासाओ वादळांच्या पट्ट्याच्या बाहेर पडतात, त्यामुळे ज्यांना पावसाळ्यातच जायला जमतं त्यांनी त्याचा विचार जरूर करावा. पण बरीच जहाजं सॅन हुआनहून सुटतात, म्हणजे आणखी एक विमान. पहिल्या खेपेला मला ते जड वाटतं.

तेव्हा पंचविशीची मुलं बरोबर असतील, पोहायची आणि भटकायची हौस असेल, किंवा टेक्सासहून निघायचं असेल, तर पश्चिम घ्या आणि आनंदाने जा. फक्त कोझुमेल, रोआतान, कोस्टा माया असा धक्क्यांचा मार्ग निवडा. कोस्टा मायाचा धक्का उघड्या समुद्रावर आहे, वारा जोरात असेल तर तेही चुकतं, एवढं लक्षात ठेवा. बेलीझ बघायचंच असेल तर नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीचं हार्वेस्ट केय हे बेट आहे, तिथे जहाज धक्क्याला लागतं. पण बरोबर आई-वडील असतील, किंवा आपणच त्या वयाचे असाल, तर मी पूर्व सुचवेन. सॅन हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टेन या तिन्ही ठिकाणी जहाज सहसा धक्क्याला लागतं. वाटेल तेव्हा उतरा, दमलात की परत या, जेवून पुन्हा उतरा.

पूर्वेच्या मार्गावरही खासगी बेट कुठलं आहे ते बघून घ्या. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या कोकोकेला धक्का आहे, प्रिन्सेस कंपनीच्या प्रिन्सेस केजला टेंडर बोटीनेच जावं लागतं. बुकिंगच्या पानावर प्रत्येक बंदराच्या नावापुढे जहाज धक्क्याला लागणार की बोटीने उतरावं लागणार हे बारीक अक्षरात दिलेलं असतं. पैसे भरण्याआधी मुलाला ते पान उघडायला सांगा आणि चष्मा लावून स्वतः वाचा.