सुपा की हिडकल? वीजधरणाच्या ठरावाला हात वर करण्याआधी

कर्नाटकातल्या खानापूर आणि जोयडा तालुक्यांत पाऊस धो धो, उतार तीव्र. त्यामुळे वीजधरणाचा विषय इकडे दर काही वर्षांनी डोकं वर काढतोच. म्हादई नदीच्या पाणीतंट्यावरच्या लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्यातलं 8.02 टीएमसी निव्वळ विजेसाठी आहे, हे कळसा-भांडुरा या पाणी वळवण्याच्या योजनेच्या गदारोळात कुणाच्या ध्यानातही राहत नाही. गोव्याने या निवाड्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं आहे, ती गोष्ट वेगळी. पण उद्या तुमच्या ग्रामसभेपुढे असा प्रस्ताव आलाच, तर तो कुठल्या जातीचा आहे ते आधी ओळखा. नमुने बघायला लांब जायला नको.

एक नमुना काळी नदीवरचं सुपा. गणेशगुडीजवळचं हे 101 मीटर उंचीचं धरण 1987 मध्ये पुरं झालं. साठा 147 टीएमसी आणि सगळा विजेसाठीच. दुसरा नमुना घटप्रभेवरचं हिडकल. 51 टीएमसी साठा, धरण बांधलं ते शेतीच्या पाण्यासाठी, वीजघर पायथ्याशी नंतर बसवलं. तिसरा गोकाकचा. तिथे धबधब्याच्या उंचीचा फायदा घेऊन 1887 मध्येच वीज काढली होती, गिरणीसाठी. असा धबधबा प्रत्येक गावाला मिळत नाही, शिवाय उन्हाळ्यात त्याची धार किती उरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून खरी तुलना पहिल्या दोघांचीच.

विजेच्या हिशेबात सुपा मैलभर पुढे आहे, ते कबूल करायला हवं. धरणापाशी 100 मेगावॅट, आणि तेच पाणी पुढे बोम्मनहळ्ळीत अडवून बोगद्याने नेलं की नागझरीला सुमारे 900 मेगावॅट. हिडकलच्या वीजघराची क्षमता 32. तेही पाट सुटले की चालणार, नाहीतर बंद. संध्याकाळी शहरांत एकदम मागणी चढते तेव्हा कळ दाबून वीज देणं सुप्यासारख्या धरणालाच जमतं, आणि ते काम सौरऊर्जा अजून नीट करू शकत नाही. ‘धरणं हवीतच कशाला’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही.

आता दुसरी बाजू. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं जुनं सुपा गाव म्हणजे तालुक्याचं ठिकाण होतं. ते बाजारपेठेसकट पाण्याखाली गेलं, तालुक्याचं नावसुद्धा जोयडा झालं आणि माणसं रामनगरला येऊन बसली. बेळगावहून गोव्याला जाताना आपण तिथे चहा पितो, पण हे धरणग्रस्तांचं गाव आहे हे किती जणांना माहीत असतं? हिडकलनेही गावं बुडवलीच. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर धरणातलं पाणी उतरलं की उघडं पडतं आणि लोक फोटो काढायला गर्दी करतात. फरक असा की हिडकलचं पाणी कालव्यांनी तीन लाख हेक्टरांहून जास्त जमिनीला पोचलं. ज्याचं गेलं आणि ज्याला मिळालं ते निदान एकाच खोऱ्यातले. सुप्याला कालवाच नाही. वीज तारांतून ग्रिडला जाते, आणि जंगलातल्या वाडीवर दिवा लागेल याची हमी तिच्यात कुठेच नसते.

इथे कायद्यातली एक मेख आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार पाटबंधारे प्रकल्पात जमीन गेली, तर शक्यतो लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याने भिजणाऱ्या भागात, किमान एक एकर जमीन द्यायची आहे. पण नुसत्या वीजधरणाला लाभक्षेत्र कुठून आणायचं? मग उरतात पैसे. ग्रामीण भागात ते बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतात, मात्र बाजारभाव ठरतो नोंदलेल्या व्यवहारांवरून, आणि घाटातल्या गावांत असे व्यवहार होतात तरी किती? त्यात उतारा अजून आजोबांच्या नावावर, वाटण्या तोंडी, कुमरीची (झाडी तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीची) जमीन कागदावर जंगल. गवळी-धनगरांच्या हातात तर बऱ्याचदा उताराच नसतो. त्यांना वनहक्क कायदा हाच आधार, पण आदिवासी नसलेल्याला 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, सिद्ध करावी लागतात. नुकसानभरपाईचा दर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. यादीत नाव कुणाचं येणार, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

जंगलाचं काय होतं? पाणी डोंगरमाथ्यावर चढत नाही, ते खोऱ्याचा तळ घेतं. भातखाचरं, नदीकाठची झाडी, जनावरांच्या वाटा नेमक्या तिथेच असतात. भीमगड अभयारण्यासारख्या ठिकाणी, जिथे बारापेडेच्या गुहेत जगात मोजक्याच जागी सापडणारं वटवाघूळ राहतं, तिथे एका खोऱ्याचा तळ जाणं म्हणजे जंगलाचे दोन तुकडे होणं. बुडालेली झाडं कुजून मिथेन सोडतात, तेव्हा ‘स्वच्छ वीज’ हा शब्दही जपूनच वापरावा. काळी नदी आता सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी तळ्यांची माळ झाली आहे. मासा वर चढायचा कसा? धरणाखाली तर पात्रातलं पाणी पावसापेक्षा विजेच्या मागणीप्रमाणे चढतं-उतरतं. गणेशगुडीचं राफ्टिंग त्या विसर्गावरच चालतं, म्हणजे काही हॉटेलवाल्यांचं भलं झालं हेही खरं.

पुराबाबत मात्र दोन्ही नमुने सारखेच. ऑगस्ट 2019 मध्ये कद्र्याच्या विसर्गाने खालची गावं बुडाली, आणि त्याच महिन्यात हिडकल भरून सोडावं लागलं तेव्हा गोकाकात पाणी शिरलं. धरण पूर अडवतं, पण त्यात जागा रिकामी ठेवली असेल तरच. वीज मोजणाऱ्याला रिकामी जागा नको असते.

माझं मत विचाराल तर, प्रस्ताव आधीच्या धरणाच्या पायथ्याला किंवा कालव्याच्या धारेवर वीजघर बसवण्याचा असेल तर फार ताणू नका, नवं बुडीत त्यात येत नाही. नवा जलाशय असेल, तोही घाटात आणि फक्त विजेसाठी, तर माझा हात खाली राहील. प्रकल्प 25 मेगावॅटच्या आतला असला तर ‘छोटा आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नका. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे त्याला पर्यावरण मंजुरीच लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही होत नाही.

हो म्हणायचंच असेल तर दोन गोष्टी ठरावात घाला. पाणी चढण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पुरं झालं पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे, ती तारखेसह लिहून घ्या. आणि पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरणात पाणी जास्तीत जास्त जिथवर भरणार ती, मीटरमध्ये लिहून घ्या, तिच्या खुणा शिवारात दगड रोवून दाखवायला लावा. कृष्णेवरच्या आलमट्टी धरणात पाणी 519.6 मीटरपर्यंत अडवलं जातं. कृष्णा पाणीतंट्याच्या लवादाने 2010 मध्ये ते 524.256 पर्यंत चढवायला मुभा दिली, आणि त्या साडेचार मीटरांपायी अजून गावंच्या गावं टांगणीला लागली आहेत.