पहिल्यांदाच भाड्याने राहणारा: जादा डिपॉझिट की पालकांची हमी?

नुकतीच नोकरी लागलेल्याकडे जुन्या घरमालकाचा हवाला नसतो, सिबिल स्कोअरही बहुधा नसतो. म्हणून नवे घरमालक सहा-सहा महिन्यांचं डिपॉझिट मागतात. पैसा हाती राहतो, पण चांगली मुलं तिथेच गळतात. भाडं थकलं तर डिपॉझिट संपेपर्यंतच आधार.

पालकांची हमी सरस, फोनवरची मात्र नव्हे. जामीनदार म्हणून करारावर सही, पॅन आणि उत्पन्नाचा पुरावा घ्या. मग डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं पुरे. ऑफर लेटरवरचा आकडा सहसा सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या एकूण वार्षिक खर्चाचा असतो. हातात येणारा पगार विचारा, भाडं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसावं.

काहीही निवडा, महाराष्ट्रात कराराची नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी (भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५). ती नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.