सायकिट-लर्नमधलं क्रॉस-व्हॅलिडेशन: काही महिने रोज वापरल्यानंतर

क्रॉस-व्हॅलिडेशन म्हणजे डेटाचे काही भाग (फोल्ड) पाडायचे, दर वेळी एक भाग टेस्टला ठेवायचा आणि बाकीच्यांवर मॉडेलला ट्रेनिंग द्यायचं. आधी निकाल: सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीतलं मॉडेल_सिलेक्शन मॉड्यूल भक्कम आहे आणि बहुतेक कामांत स्वतः लूप लिहायची गरज उरत नाही. पण फोल्ड कसे पाडायचे हे त्याला कळत नाही, कारण त्याला तुमच्या ओळी दिसतात, त्या ओळी कुठून आल्या ते दिसत नाही. रोजच्या वापरात ज्या चुका सापडतात त्यातल्या बहुतेक इथूनच निघतात.

डिफॉल्टपासून बघू. सीव्ही=५ (पाच फोल्ड) लिहिलं आणि मॉडेल क्लासिफायर (वर्ग ओळखणारं) असेल तर आतून स्ट्रॅटिफाइडकेफोल्ड वापरला जातो, जो प्रत्येक फोल्डमध्ये वर्गांचं प्रमाण सारखं ठेवतो; रिग्रेशनला (आकड्याचा अंदाज करणाऱ्या मॉडेलला) साधा केफोल्ड. दोन्हीकडे शफल (ओळी पिसणं) बंद असतं. (०.२२ आवृत्तीच्या आधी डिफॉल्ट ३ फोल्डांचा होता. जुन्या प्रोजेक्टचे आकडे नव्याशी जुळत नसतील तर पहिल्यांदा हे तपासा.) आयरिस फुलांच्या डेटात १५० ओळी आहेत, तीन जातींच्या प्रत्येकी ५०, आणि त्या जातीनुसार ओळीने लावलेल्या. तिथे स्वतःहून केफोल्ड(३) दिला की प्रत्येक टेस्ट फोल्डमध्ये एकच जात येते आणि नेमकी तीच ट्रेनिंगमध्ये नसते. अचूकता शून्य!

हे एकदा पाहिलं की सगळीकडे शफल=ट्रू लावायचा मोह होतो, आणि ती सवय जास्त घातक आहे. लोड_डिजिट्समध्ये हाताने लिहिलेल्या अंकांची १,७९७ चित्रं आहेत, ८×८ पिक्सेलची. ती १३ जणांच्या हातची आहेत आणि एकेकाची चित्रं साधारण सलग येतात. लॉजिस्टिक रिग्रेशन (नाव तसं असलं तरी क्लासिफायरच) शफल न करता तपासा, मग शफल करून तपासा. दुसऱ्यांदा स्कोअर चढतो. मॉडेल सुधारलेलं नसतं; त्याच माणसाचं अक्षर ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे गेलेलं असतं. मॉडेल उद्या अनोळखी माणसाच्या अक्षरावर चालवायचं असेल तर शफल न केलेला, कमी आलेला आकडाच वास्तवाच्या जवळचा. आयरिसचा शून्य लगेच डोळ्यात भरतो, हा चढलेला स्कोअर मात्र कुणालाच खटकत नाही.

म्हणून एका पेशंटचे अनेक एक्स-रे, एका ग्राहकाची अनेक बिलं, एका शेताचे अनेक फोटो असा डेटा असेल तर एका ग्रुपच्या सगळ्या ओळी एकाच फोल्डमध्ये ठेवणाऱ्या ग्रुपकेफोल्डशिवाय पुढे जाऊ नये. पेशंटचा क्रमांक ग्रुप्समध्ये द्यायचा आणि फीचर्सच्या टेबलातून काढून टाकायचा. नुसते ग्रुप्स दिले आणि सीव्ही=५ तसाच ठेवला तर ग्रुप्सकडे दुर्लक्ष होतं, हे विशेष लक्षात ठेवा. ग्रुप लहानमोठे असतील तर वर्गांचं प्रमाण फोल्डागणिक बिघडतं. त्यासाठी १.० आवृत्तीपासून स्ट्रॅटिफाइडग्रुपकेफोल्ड आहे. तो प्रमाण शक्य तितकं सांभाळतो, पण चार-पाचच ग्रुप असतील तर त्याच्याही हातात फार काही नसतं.

टेस्टची माहिती ट्रेनिंगमध्ये झिरपण्याची दुसरी मोठी गळती प्रीप्रोसेसिंगमधून (ट्रेनिंगआधीच्या डेटाच्या तयारीतून) होते. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा स्वतः चालवावा: ५० ओळी, ५,००० कॉलम, सगळे रँडम आकडे, लेबलंही रँडम, निम्मी ० आणि निम्मी १. आधी सगळ्या डेटावर सिलेक्टकेबेस्टने लेबलांशी सर्वाधिक जुळणारे १०० कॉलम निवडा, मग क्रॉस-व्हॅलिडेशन करा. शिकण्यासारखं काहीही नसताना अचूकता ५० टक्क्यांच्या कितीतरी वर जाते. आता तीच निवड पाइपलाइनच्या (तयारीच्या पायऱ्या आणि मॉडेल एकत्र बांधणाऱ्या साखळीच्या) आत टाका, म्हणजे प्रत्येक फोल्डमध्ये ती फक्त ट्रेनिंगच्या ओळींवर होईल. आकडा पुन्हा ५० च्या आसपास येतो. कॉलमांचे आकडे एका मापात आणणारा स्टँडर्डस्केलर बाहेर राहिला तर नुकसान सहसा किरकोळ असतं, पण लेबल बघून होणारी कुठलीही पायरी बाहेर राहिली की निकालावर विश्वास ठेवता येत नाही. टार्गेट एन्कोडिंगही (कॉलममधल्या प्रकाराच्या जागी त्याच्या लेबलांची सरासरी भरणं) त्यातलंच. स्मोटसाठी (कमी असलेल्या वर्गाच्या कृत्रिम ओळी बनवण्यासाठी) सायकिट-लर्नची पाइपलाइन चालत नाही, इम्बॅलन्स्ड-लर्न या लायब्ररीची घ्यावी लागते. ती ट्रेनिंगच्या ओळी वाढवते आणि टेस्टच्या ओळींना हात लावत नाही.

काळानुसार येणाऱ्या डेटासाठी टाइमसिरीजस्प्लिट आहे. १,२०० ओळी आणि ५ स्प्लिट असतील तर प्रत्येक टेस्ट २०० ओळींची, पहिलं ट्रेनिंग २०० ओळींचं आणि शेवटचं १,००० चं. तो तारखेचा कॉलम बघत नाही, ओळींचा क्रम बघतो. टेबल दुकानानुसार लावलेलं असेल तर तो भूतकाळ-भविष्य न पाडता दुकानं पाडेल. तारखेनुसार लावलं तरी एकाच दिवसाच्या अनेक दुकानांच्या ओळी अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे जाऊ शकतात. उपाय साधा आहे: वेगवेगळ्या तारखांची क्रमवार यादी काढा, स्प्लिट त्या यादीवर चालवा, मग प्रत्येक तारखेच्या ओळींची स्थानं गोळा करून ट्रेन-टेस्ट जोड्यांची यादी सीव्हीला द्या. ही स्थानं शून्यापासून मोजलेली हवीत, पांडाजची (टेबलं हाताळणाऱ्या लायब्ररीची) इंडेक्स लेबलं नव्हेत. ओळी गाळल्यानंतर दोन्ही वेगळी होतात आणि चुकीच्या ओळी उचलल्या जातात. सात दिवसांपुढचा अंदाज करायचा असेल तर ट्रेनिंग आणि टेस्टच्या मध्ये जागा सोडणारा गॅप हा पर्यायही वापरा, मात्र स्प्लिट थेट ओळींवर चालवला तर तोही ओळींत मोजला जातो, दिवसांत नाही.

ग्रिडसर्चसीव्ही मॉडेलच्या सेटिंग्जचे सगळे पर्याय क्रॉस-व्हॅलिडेशनने तपासून सर्वोत्तम निवडतो; त्याचा बेस्ट_स्कोअर_ अंतिम अहवालात टाकू नये. अनेक पर्यायांतून सगळ्यात वरचा आकडा उचललेला असल्याने तो थोडा फुगलेला असतोच. बाजूला ठेवलेला टेस्ट सेट नसेल तर ग्रिड सर्चभोवती आणखी एक क्रॉस_व्हॅल_स्कोअर (फोल्डवार स्कोअर देणारं फंक्शन) लावा. खर्च आधी मोजून घ्या: ४८ पर्याय × ५ फोल्ड, अधिक शेवटचं रिफिट (निवडलेल्या पर्यायाचं पुन्हा एक ट्रेनिंग), म्हणजे २४१ वेळा ट्रेनिंग, बाहेरचे ५ फोल्ड धरले तर १,२०५. एन_जॉब्स=-१ (सगळे कोअर एकाच वेळी कामाला) बाहेर लावा आणि आत १ ठेवा. मॉडेल स्वतःच अनेक थ्रेड वापरत असेल तर तिथेही १, नाहीतर कोअरपेक्षा कामं जास्त होऊन सगळंच मंदावतं.

क्रॉस_व्हॅल_स्कोअरपेक्षा क्रॉस_व्हॅलिडेट सोयीचं वाटतं: एकाच फेरीत अनेक मेट्रिक, ट्रेनिंगला लागलेला वेळ, आणि रिटर्न_ट्रेन_स्कोअर=ट्रू दिलं की ट्रेनिंगचा स्कोअरही. फोल्डांचे आकडे सरासरी काढण्याआधी एकेक करून वाचा. ०.९१, ०.९०, ०.९२, ०.६३, ०.९१ असे आले तर सरासरीत वेळ न घालवता चौथ्या फोल्डच्या ओळी उघडून बघाव्यात. प्रमाण विचलनावरून विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) काढू नका. पाच फोल्डांचं ट्रेनिंग एकमेकांत मिसळलेलं असल्याने ते आकडे स्वतंत्र नसतात. के-फोल्डच्या या चढउताराचा सर्व परिस्थितींत निःपक्षपाती ठरेल असा अंदाज काढता येत नाही, हे बेंजिओ आणि ग्रँडव्हॅले यांनी २००४ मध्ये सिद्ध केलं आहे.

एक तक्रार मात्र ठामपणे नोंदवायला हवी. एरर_स्कोअरचं डिफॉल्ट नॅन (म्हणजे 'आकडा नाही') आहे. एखाद्या फोल्डमध्ये ट्रेनिंग कोसळलं तर फक्त इशारा छापला जातो, त्या फोल्डचा स्कोअर नॅन होतो आणि काम पुढे चालू राहतं. लांबलचक लॉगमध्ये तो इशारा सहज हरवतो. नवीन कोड लिहिताना एरर_स्कोअर='रेझ' ठेवा, म्हणजे चूक जिथे झाली तिथेच थांबेल. ग्रुप वापरत असाल तर त्यासोबत दोन ओळींची तपासणी लिहा: प्रत्येक स्प्लिटमध्ये ट्रेन आणि टेस्टच्या ग्रुपांचे सेट घ्यायचे, त्यांचा छेद रिकामा नसेल तर असर्टने प्रोग्रॅम तिथेच बंद पाडायचा.