लाइट गेल्यावर आपोआप सुरू होणारा एअर पंप: तीन महिन्यांनंतरचं मत

साडेसातशे रुपयांना घेतला. पाचातले चार तारे देते.

आमच्या ६० लिटरच्या टाकीत तीन गोल्डफिश आहेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी तास-दोन तास लाइट जाते आणि पाणी पार कोमट होतं. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात बुडबुडे बंद पडले की तिघंही वर येऊन तोंडं उघडमिट करतात.

मी जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे खोक्यावरच्या मजकुरापेक्षा माशावर विश्वास. घड्याळ लावून थोरल्याच्या कल्ल्यांची झाकणं किती वेळा हलतात ते मोजलं. पंप चालू असताना मिनिटाला ७४. सगळं बंद ठेवून पाऊण तासानं ११८. पंप लावल्यावर वीस मिनिटांत ८०. पास!

नातू शेजारीच होता. म्हणाला, "आजी, त्याचं हार्टपण धडधडत असेल ना?" गंमत इथंच आहे. प्राणवायू घटला की ट्राउटसारख्या कितीतरी माशांचा श्वास वाढतो, पण ठोके चक्क मंदावतात. कल्ल्यांतले, त्यातही पहिल्या कमानीवरचे संवेदक मेंदूशी जोडलेल्या नवव्या-दहाव्या नसेतून (म्हणजे मज्जातंतूतून, रक्तवाहिनीतून नव्हे) मेंदूच्या मागच्या टोकाला, लंबमज्जेला, वर्दी देतात. तिथून जबड्याच्या आणि झाकणांच्या स्नायूंना घाई करायचा हुकूम सुटतो, आणि व्हेगस, म्हणजे तीच दहावी नस, हृदयाला म्हणते, दमानं घे. ॲट्रोपिन नावाचं औषध देऊन तिचा निरोप अडवला तर ठोके मंदावत नाहीत. (हॅगफिशच्या हृदयाला तर नसच जात नाही, त्याचं त्यालाच चालवावं लागतं.) गोल्डफिशचं हृदय बाहेरून दिसत नाही, म्हणून आमची मोजणी झाकणांवरच थांबली. नातवाला ते काही पटलं नाही.

आता तक्रारी. खोक्यावर बॅटरी दहा तास लिहिलंय, आमच्याकडे सव्वासहा चालली. नळी जेमतेम हातभर. आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून लागणारा व्हॉल्व्ह खोक्यात नाहीच. पंप टाकीच्या खालच्या कप्प्यात होता. रात्री बॅटरी उतरली आणि पाणी नळीतून परत खाली आलं. सकाळी सतरंजी ओली. पंप दोन दिवस उन्हात वाळवला तेव्हा कुठे चालू झाला. व्हॉल्व्ह तीस रुपयांना मिळतो, पंपाबरोबरच घ्या.

आता पंप टाकीच्या वरच्या फळीवर ठेवलाय. तिथून घरघर जास्त ऐकू येते.